‘अकुशल’ माणसांची नात

एक प्रयोग करून बघा. आज रात्री मेसमधून परत आल्यावर रूममधल्या प्रत्येकाला विचारा, "तुझे आजोबा काय काम करायचे रे?"

आम्ही हा प्रयोग मागच्या वर्षी पीएलमध्ये केला. (अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं तो काळ म्हणजे पीएल, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!) सहा जणी होतो. उत्तरं अशी आली : "शेती असेल बहुतेक." "रेल्वेत होते, पण म्हणजे नक्की काय करायचे ते माहीत नाही." "आर्मीत होते, घरी एक फोटो आहे." "मी लहान असतानाच गेले ना ते." आणि आजी? "आजी काय, घरीच असायची." सहाच्या सहा आज्या घरीच!

ह्याच सहा जणींना कुठली कंपनी कधी येणार, किती पॅकेज देणार आणि कितीला कटऑफ लावणार हे मात्र तोंडपाठ होतं.

दोष सगळा आपला नाही म्हणा. अॅडमिशनपासून प्लेसमेंटपर्यंत आपण जितके फॉर्म भरतो त्या सगळ्यांत वडिलांचा व्यवसाय विचारतात, वार्षिक उत्पन्न विचारतात, जात, रक्तगट, सगळं विचारतात. आजोबांसाठी रकाना नसतो. आजीसाठी तर नाहीच नाही. जे कोणी विचारत नाही ते आपणही घरी विचारत नाही.

त्या रात्री माझंही उत्तर एका ओळीचं होतं. "आबा मुंबईला मिलमध्ये होते, मग गावी येऊन शेती केली." संपलं. पंधरा वर्षांची नोकरी मी एका दमात संपवून टाकली.

आता आबांबद्दल एक गोष्ट सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फर्स्ट इयरला मला हॉस्टेलवर सोडायला पप्पांबरोबर आबाही आले होते. पांढरा लेंगा, टोपी, हातात माझी नवीन बादली. ऑफिससमोर ही मोठी रांग. आणि आबा बोलत होते. बोलत कसले, ओरडतच होते. "आत मानूस हाय का न्हाई? पोरीला खोली कंदी मिळनार?" सगळी रांग वळून बघायला लागली. पुढच्या दोन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मी आबांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आबा, हळू बोला ना. लाज वाटते."

आबा गप्प झाले. संध्याकाळी परतीच्या एस्टीत बसेपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. खिडकीतून फक्त हात हलवला. त्या वर्षीची संक्रांत त्यांनी बघितली नाही.

ते इतक्या मोठ्याने का बोलायचे हे मला तीन वर्षांनी कळलं. सांगायला आबा नव्हते, आज्जीने सांगितलं. आणि तेही आमच्या प्रोजेक्टमुळे.

फायनल इयरला आमच्या चौघांच्या ग्रुपने माण तालुक्यातला एक पाझर तलाव घेतला. तलावात किती गाळ साचलाय, बांधाची अवस्था काय आहे, असा विषय. खरं कारण सांगायचं तर तलाव माझ्या गावाजवळ आहे आणि राहाय-जेवायची सोय फुकट! रिपोर्ट इंग्रजीत होता, पण त्यात मी लिहिलेल्या एका वाक्याचा मराठी अर्थ असा : "सदर बांध १९७२-७३ च्या दुष्काळात अकुशल मजुरांकडून बांधून घेतलेला असल्याने त्याच्या दर्जाबाबत शंका घेण्यास वाव आहे." वाक्य फार भारदस्त झालंय असं मला वाटलं होतं.

रात्री चुलीपुढे बसून मी ड्राफ्ट वाचत होते. आज्जी भाकरी थापत होती. म्हणाली, "काय लिवलंस, मला बी सांग." मी मराठीत करून सांगितलं.

"अकुशल म्हंजी?"

"म्हणजे... ज्यांना काम येत नाही अशी माणसं."

आज्जीचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मी व्हते की त्या बांधावर. पाटी उचलाय."

मला कुठे बघावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी आज्जी आमच्याबरोबर तलावावर आली. पंचाहत्तरीच्या जवळची बाई, अनवाणी, बांधावर आमच्यापेक्षा आधी चढली. आणि मग तिने आम्हा चार भावी इंजिनियरांचं लेक्चर घेतलं. आधी टणक जमीन लागेपर्यंत चर खणली, मगच भरायला सुरुवात. मधोमध काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम. एकदम ढीग ओतायचा नाही, वीतभर थर पसरायचा. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, मग पुरुषांनी धुम्मस घालायचं. थर बसला की वरचा थर.

मी विचारलं, "पाणी किती मारायचं हे कसं कळायचं?"

"मूठ दाबायची. गोळा झाला पायजे, पन हाताला चिटकाय न्हाई पायजे. चिटकला म्हंजी पानी जादा. फुटला म्हंजी कमी."

आम्ही चौघंही एकमेकांकडे बघायला लागलो. सेकंड इयरपासून ज्याला ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट म्हणतो, ज्यासाठी प्रॉक्टर टेस्टचे ग्राफ काढून सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांचे छापतो, ते आज्जीच्या मुठीत होतं. तिला हे कोणी शिकवलं? मुकादमाने एकदा दाखवलं, बाकी हाताने शिकली. त्या दिवशी बांधावर कोअर कटर आत घालताना आम्ही चौघं घामाघूम झालो. पन्नास वर्षांहून जुना बांध आमचा कटर आत घेत नव्हता. दर्जाबाबत शंका घेण्यास वाव वगैरे!

तलावाच्या आधी ती खडी फोडायला होती. ठरलेल्या मापाचीच खडी हवी, मोठी निघाली की परत फोड. ब्रासच्या मापाने मोजणी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही). बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. माझी आत्या तेव्हा तान्ही होती, तिची झोळी बाभळीला. खायला मिलो म्हणजे तांबडी अमेरिकन ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातली एक माझी आज्जी. आमच्या प्रयोगातल्या ‘घरीच असायची’ वाल्या बाकीच्या पाच आज्यांपैकी किती होत्या, कोणी विचारलंय?

मग आबा? आबा तेव्हा मुंबईत होते. आमच्या भागातल्या घराघरांतून एक तरी माणूस गिरणीत असायचा. लालबागच्या एका गाळ्यात ते वीस जणांत राहायचे. खोली एकच. पण माणसं पाळीत विभागलेली, त्यामुळे एक पाळी झोपायची तेव्हा दुसरी कामावर. आपण इथे एका रूममध्ये तिसरी कॉट टाकली की रेक्टरांकडे अर्ज घेऊन जातो! ट्रंक ठेवण्यापुरती भिंतीकडेची जागा, तीच त्यांची इस्टेट.

काम साचेखात्यात. साचा म्हणजे माग. दोन साचे एकट्याने सांभाळायचे, धागा तुटला की थांबवून जोडायचा, आणि शेकडो साचे एका छताखाली एकदम खडखडताहेत. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओठांकडे बघून किंवा कानात ओरडून. पंधरा वर्षं हे केल्यावर कान जातो. माणसाला आपलाच आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्याने बोलतो. आज्जी म्हणाली, "सुट्टीला आले की आधी चार दीस कुनाशी बोलले तरी वरडूनच. मग जरा कमी व्हायचं. पुढं पुढं कमीच व्हायना."

एवढं साधं कारण होतं. आणि मी म्हणाले होते, लाज वाटते.

आबांच्या ट्रंकेत आज्जीने काही इनलँड पत्रं जपून ठेवलीत. त्यातल्या एकावर नेहमीच्या तिकिटाशिवाय ५ पैशांचं एक जादा तिकीट आहे आणि त्यावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा छाप. नंतर माहिती काढली. पूर्व पाकिस्तानातून भारतात जवळजवळ एक कोटी निर्वासित आले होते. त्यांच्या खर्चासाठी नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हे जादा तिकीट लावावं लागायचं. गिरणीतला एक माणूस बायकोला खुशाली कळवतो आणि त्यासाठी पाच पैसे निर्वासितांना देतो. इतिहासाच्या पुस्तकात १९७१ चं युद्ध मी पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आमच्या घरात ते ट्रंकेच्या तळाशी पडलेलं होतं.

३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे. आबांची तेव्हा दुसरी पाळी, मध्यरात्री सुटायची. रस्त्यावर एक दिवा नाही. गिरणीच्या कंपाउंडच्या भिंतीला हात लावत लावत ते गाळ्यावर यायचे, असं पत्रात लिहिलंय. आणि पुढे एकच वाक्य : काळजी करू नये, साचे चालू आहेत. गावात शाळेतल्या रेडिओवर बातम्या ऐकून आज्जीला वाटायचं, आज मुंबईवर बाँब पडणार. आज्जीच्या भाषेत, "लडाई सरली आन लगीच दुस्काळ आला. आमाला दोनी सारखंच."

आता मला जे म्हणायचंय ते ह्या शेवटच्या वाक्यावर आहे.

युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सैनिक येतो, आणि यायलाच पाहिजे. पण युद्धही शेवटी कामावरच चालतं. त्याच डिसेंबर १९७१ मध्ये भुजच्या विमानतळाची धावपट्टी पाकिस्तानी विमानांनी बाँब टाकून उखडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले नागपूरचे. दुरुस्तीला हात कमी होते. तेव्हा जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका पुढे आल्या आणि त्यांनी तीन दिवसांत, ७२ तासांत, धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. सायरन वाजला की झुडपांत लपायचं, शांत झालं की पुन्हा पाट्या उचलायच्या. वरून ओळखू येऊ नये म्हणून हिरवट साड्या. आमच्या सिव्हिलच्या भाषेत हे ‘इमर्जन्सी पेव्हमेंट रिपेअर’. आणि मजुरीच्या तक्त्यात त्या बायकांची जागा कुठली? अकुशल!

दुसरं उदाहरण आपल्याच धंद्यातलं. कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे १९४० साली साधे शिपाई म्हणून सैन्यात गेले, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यात सुरुंग, तोडून आडवी टाकलेली झाडं, उडवलेले मोरीपूल. ८ ते ११ एप्रिल, उखळी तोफांच्या माऱ्यात, स्वतः जखमी असताना राण्यांनी तो रस्ता मोकळा केला. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. देशातलं सर्वोच्च शौर्यपदक, आणि ते रस्ता करण्यासाठी! सिव्हिलवाल्यांना कोअर ब्रँच असूनही भाव मिळत नाही म्हणून जे रडतात (मी धरून) त्यांनी हे लक्षात ठेवावं.

राण्यांचं नाव आपल्याला सापडतं कारण पदक मिळालं. माधापरच्या बायकांवर उशिरा का होईना स्मारक झालं, सिनेमात त्यांची गोष्ट आली. पण माण तालुक्यातल्या बांधावर नावाची पाटी नाही, आणि लालबागच्या साच्यावर तर आता गिरणीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. त्यातलेच आबा गावी परत आले ते कायमचे. त्यांच्या कामाची नोंद आता फक्त घरातल्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि त्या आठवणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

हे सगळं मी रूमवर सांगितलं तेव्हा माझी रूममेट म्हणाली, "उगाच हळवी होऊ नकोस. त्यांनी काय देशसेवा म्हणून खडी फोडली का? पोटासाठीच ना? आणि त्या काळातली कितीतरी कामं वाया गेली, तलाव गळतात, रस्ते उखडले."

बरोबर आहे तिचं. आज्जीलाही मी हेच विचारलं. "हौस कुनाला व्हती बाय? पोट व्हतं." तलाव काही ठिकाणी गळतातही. पण पोटासाठी केलेलं काम कमी दर्जाचं असतं हे कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलंय? आपण कॅम्पसला बसणार ते काय देशसेवेसाठी? पोटासाठी कामावर आलेल्या बाईने मूठ दाबून मातीतलं पाणी बरोबर जोखलं, तिथे कुशलता आहे. तिला फक्त कागदावर नाव नाही. जिथे बांध गळतो तिथेही आधी विचारायला हवं की जागा कोणी निवडली, आखणी कोणी केली. ती सही अकुशल मजुराची नसते. ती आपल्यासारख्यांची असते!

आणखी एक गंमत, ही खास आपल्या सर-मॅडमसाठी. तुमच्या पगारपत्रकात दर महिन्याला व्यवसाय कर कापलेला दिसतो ना? महाराष्ट्रात तो १९७५ साली सुरू झाला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना दुष्काळात वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ साल उजाडलं. म्हणजे काम मागण्याचा हक्क हा विचार देशाला ज्या राज्याने दिला, त्या राज्यात तो खडी फोडणाऱ्या माणसांनी उभा केला. त्यांची नातवंडं आज आपल्या वर्गात बसलीत आणि बहुतेकांना ते माहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांजवळ बसा. "तुमच्या वेळी कसं होतं?" असं मोघम विचारू नका, "लई हाल होते" एवढंच उत्तर मिळेल. इंजिनियरसारखं विचारा. हत्यार कुठलं होतं? एका दिवसाचं काम कशावर मोजायचे? काम बरोबर झालंय हे कसं ओळखायचे? युद्ध चालू होतं तेव्हा तुम्ही कुठे होता, कामावर काय बदललं? आणि लिहून ठेवा, मोबाईलवर रेकॉर्ड केलंत तर उत्तमच. मॅगझिनच्या संपादकांना विनंती आहे की पुढच्या अंकात दोन पानं यासाठी ठेवावीत. कविता थोड्या कमी आल्या तरी चालतील! (कवींनो, माफ करा.)

घाई करा मात्र. माझ्यासारखं एकाच्या बाबतीत उशीर झाल्यावर दुसऱ्याला विचारायची वेळ येऊ देऊ नका. आबांना मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता, की त्या अंधारात भिंत संपल्यावर पुढचा रस्ता कसा सापडायचा. आज्जीला ते माहीत नाही. पत्रातही नाही.

रिपोर्टचं काय झालं? मी गाइड सरांकडे गेले आणि म्हणाले, सर, ‘अकुशल’ शब्द काढायचाय. सर म्हणाले, शासकीय दरसूचीत तोच शब्द आहे, तक्त्यात तो ठेवावा लागेल. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "बांधाच्या दर्जाचं वाक्य मात्र तुमच्या टेस्टप्रमाणे बदला." ते बदललं. आणि माती तपासण्याच्या प्रकरणात मुठीच्या पद्धतीवर एक परिच्छेद घातला, माहिती देणारी व्यक्ती म्हणून आज्जीचं नाव दिलं. सरांनी त्यावर लाल पेन चालवलं नाही.

सुट्टीत प्रिंट घेऊन घरी गेले आणि आज्जीला तिचं नाव दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्यात तुज्या आबाचं कुटं हाय?"

म्हणून हा लेख लिहिला.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी